घरच्या वेलीचं पान

पापडी,
बुधवार, १० जानेवारी १९७९

वॉल्टर,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मुद्दाम लिहिलं नाही. काल सकाळी ताटातली भाकरी तशीच टाकून डोक्यात राख घालून निघालास, आणि आता मी तुला प्रिय म्हणू? वहिनी झाले म्हणून मला राग येत नाही असं समजू नको.

तू भायखळ्याला रुडॉल्फच्या खोलीवरच असशील असं तुझा भाऊ म्हणाला, म्हणून या पत्त्यावर लिहितेय. फर्डिनंड तुझ्यावर रागावलेला नाही. तो कोणावरच रागावत नाही, तेही माझ्याच वाट्याला आलंय. पापा मात्र कालपासून तुझं नाव काढत नाहीत. जेवताना तुझ्या रिकाम्या पाटाकडे बघतात आणि मलाच विचारतात, "कालवणात मीठ कमी का?" मीठ बरोबर असतं. मी आपली चिमूटभर टाकते आणि वाढते.

बाप-लेकानं एका बाटलीवरून एवढं भांडावं का रे? तू म्हणतोस पानवेलीवर पांढरी कीड चढलीय, व्यापारी पानं परत पाठवतोय, फवारणी केल्याशिवाय बाग वाचत नाही. ते म्हणतात, ज्या बागेत चपला घालून कोणी गेलं नाही तिच्यात मी मरेपर्यंत विष शिरणार नाही. दोघांचंही खरं असेल, मला काय कळतंय. बाटली खाडीत फेकतो म्हणालास ते एक बरं केलंस. तिच्यावर ते कवटीचं चित्र होतं. घरात हाताला लागेल ते तोंडात घालणारं पोर आहे.

काल अंधारातच विहिरीशी बालदीचा आवाज येत होता, तो तूच ना? एवढ्या थंडीत आंघोळ? मागच्या दाराशी रॉकेलसारखा वास अजून येतोय. पापा म्हणतात, मोटरचं तेल सांडलं असेल.

आता खरं सांगते कशासाठी लिहायला बसले ते. कोनूला खोकला झालाय. तसा साधाच आहे, नाक गळतंय, रात्री छाती घरघरते. पण तुला माहीत आहे, आपली बेलाही अशीच साध्या खोकल्यानं सुरू झाली होती. सगळे म्हणाले इस्पितळात न्या, नेलं, आणि परत आणली ती फर्डिनंडच्या हातात पांढऱ्या कपड्यात गुंडाळून. तेव्हापासून पोर खोकलं की माझं काळीज जागेवर राहत नाही. फर्डिनंडला सांगितलं तर तो लगेच डॉक्टर म्हणेल. म्हणून तुला सांगतेय.

मी आईंचं औषध सुरू केलंय. त्या गेल्या, पण जाताना मला एवढं तरी शिकवून गेल्या. विहिरीजवळच्या पांगाऱ्यावरच्या त्यांच्या वेलीची पानं कालपासून काढतेय. एका पानाला एरंडेल लावून तव्यावर गरम करून छातीवर बांधते, आणि दोन पानं ठेचून त्यांचा रस मधातून चाटवते. ओव्याची पुरचुंडी करून शेकही देते. बागेतलं पान व्यापाऱ्याचं, घरात त्याला हात लावायचा नाही, हे तर आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. घराला ही एक वेल. पाहुणा आला की तिचं पान, पोराची छाती भरली की तिचंच. तूही लहानपणी हेच चाटून मोठा झालास, आणि आवाज बघ कसा मोटरसारखा झालाय.

तर आता पुरे. शनिवारी-रविवारी ये, पापांच्या पाया पड, नसेल पडायचं तर निदान समोर उभा राहा. बाप्तिस्म्याला कोनूसाठी मेणबत्ती धरून तू उभा राहिला होतास. धर्मपिता म्हणजे नुसता नाताळला फुगे आणणारा नव्हे.

तुझी वहिनी,
रिटा


पापडी,
शुक्रवार, १२ जानेवारी

वॉल्टर,

उत्तराची वाट न बघता पुन्हा लिहितेय. घरात बोलायला कोणी नाही. फर्डिनंड सकाळी ऑफिसला जातो तो दिवे लागल्यावर येतो, पापा बागेत. मी आणि कोनू.

त्याला बरं वाटत नाहीये रे. खोकला आहेच, पण आता तोंडातून सारखी लाळ गळतेय. झबलं बदललं की पुन्हा ओलं. शेजारची सुझान म्हणाली, दाढा येत असतील. मी म्हटलं, आईंच्या औषधानं छातीतला कफ सुटून वर येतोय. आई म्हणायच्याच, कफ सुटला की पोर आधी घाण करतं, मग मोकळं होतं. काल दुपारी दोनदा ओकला. ते बघून मी रस दुप्पट केला. आता चार पानांचा देते, सकाळ-संध्याकाळ, आणि छातीबरोबर पाठीवरही पान बांधते.

पण वॉल्टर, अंग तापलेलं नाही. ताप नाही आणि घाम येतोय. या थंडीत. कपाळ पुसलं की पुन्हा डवरतं. पायाच्या पोटऱ्या आपोआप उडतात. झोपेत उडत असतील असं मी म्हणत होते, आता जागेपणीही उडतात.

संध्याकाळी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. फादरांना सांगू नको. मिरच्यांचा ठसका कोणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट होती खरी. मग पापांच्या बाटलीतली थोडी दारू हातावर घेऊन त्याच्या तळपायांना चोळली. रोझरीच्या वेळी सगळ्यांबरोबर मी 'नमो मरिये' म्हणत होते, पण डोळे मिटले नाहीत. मिटले की बेला दिसते.

फर्डिनंडनं विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, उतार आहे. का म्हटलं कुणास ठाऊक. उद्या त्याला ऑफिसला लवकर जायचंय, आणि इस्पितळाचा शब्द कोणी काढू नये एवढंच मला हवं होतं. उद्या सकाळी वसईत दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे नेऊन आणेन, नुसतं दाखवायला. सुई मात्र टोचू देणार नाही.

तू यायला हवा होतास. तुला बघून तो हसला असता. आज सकाळपासून हसलेला नाही.

रिटा


इस्पितळ, वसई,
रविवार, १४ जानेवारी

वॉल्टर,

इथल्या सिस्टरनं हा कागद दिला. अक्षर लागेल तसं वाच.

तू माझ्या लेकराला विष घातलंस.

नाही. मी घातलं. माझ्या हातानं, मध घालून.

आज सकाळी घरात कोणी नव्हतं. फर्डिनंड आणि पापा चर्चमध्ये मिसाला गेले होते. मी कोनूला मांडीवर घेऊन बसले होते, वाटीत रस तयार होता, सहा पानांचा. हो, सहा. काल वसईच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरचं काही दिलंत का?" मी म्हटलं, "नाही." मला वाटलं ओरडतील. त्यांनी छाती ऐकली, लाल औषध दिलं, सर्दी छातीत उतरलीय म्हणाले. घरी येऊन मी लाल औषधही दिलं आणि रसही दिला. सकाळी बघते तर पोर मऊ पडलेलं. मान धरत नव्हतं. ओठांवर फेस. मी हाक मारली तर डोळे उघडले, पण त्यात मी नव्हतेच. श्वास घेताना गळ्यात पाणी खळखळल्यासारखं व्हायचं. मी म्हटलं, कफ. अजूनही मी कफच म्हणत होते! वाटी उचलली.

तेवढ्यात मागच्या दारी पुतळाबाई आली. खाडीवरची, तुला माहीतच आहे, दर रविवारी मिसाच्या वेळी सुकट घेऊन येते. टोपली खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "रिटाबाय, तुजा देर काल राती मना रस्त्यान भेटला. रडत होता. बोलला, वैनीला सांग, पोराला घरचे येलीचा पान नको देऊस. त्यावर दवा मारलीय त्यानं."

मला कळेचना. मी म्हटलं, "घरच्या वेलीवर? बाग सोडून घरच्या वेलीवर का?"

ती म्हणाली, "बाजारचे पानाला काय व्हाया नको, म्हनून आधी घरचे येलीवर मारून पाह्यली, असा बोलला."

येशू-मरी! विकायच्या पानाला जपलंस, वॉल्टर. घरच्या पानाला कोण विचारतो! पाहुण्यांना विडा देण्यापलीकडे तिचा उपयोग तुम्हा पुरुषांना कुठे माहीत असतो. चुलीपाशी काय चालतं ते तुम्ही कधी बघता?

वाटी हातातून पडली. मग मला काही आठवत नाही, एवढंच आठवतं की मी अनवाणी पळत होते आणि पुतळाबाई मागून ओरडून टांगा थांबवत होती. टांगेवाला म्हणाला, कुठे? माझ्या तोंडून इस्पितळ हा शब्द निघाला. बेलानंतर मी शपथ घेतली होती की या दारात पाय ठेवणार नाही. वाटेत चर्चवरून गेलो. आत गाणी चालली होती, मी थांबले नाही.

डॉक्टरांना मी दारातच सांगितलं, फवारणीचं औषध पोटात गेलंय, पानातून. त्यांनी बॅटरी मारून कोनूच्या डोळ्यांत बघितलं. मला म्हणाले, "बघा." त्याच्या डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. मग सगळे कपडे काढले, साबणानं धुतला, एरंडेलातून अंगातही जिरलंय म्हणाले. सुया टोचल्या. एक झाली की दुसरी. सुई टोचू देणार नाही म्हणणारी मी त्याचे हात धरून उभी होते आणि म्हणत होते, अजून द्या, अजून द्या.

आता मला बाहेर काढलंय. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही.

सुझान गुरुवारी तिच्या मुलीच्या कानासाठी दोन पानं घेऊन गेली होती. आत्ता आठवलं. कान दुखत होता, पान गरम करून रस पिळते म्हणाली होती. फर्डिनंडला तिकडे पळत पाठवलंय. देवा, अजून किती घरांत ती पानं गेली असतील? आईंची वेल म्हणून आळीतलं सगळं जग येतं.

दुपारी चर्चची मरणघंटा वाजली. इथपर्यंत ऐकू आली. मी उठून काचेतून बघितलं, कोनूची छाती हलत होती. घंटा दुसऱ्या कोणाची तरी होती. दुसऱ्याच्या घरच्या मरणानं मला बरं वाटलं, अशी मी झालेय.

तू कुठे आहेस? पापडीच्या रस्त्यापर्यंत आलास आणि घरी का आला नाहीस? मला तुझं तोंड बघायचं नाही. तू लगेच ये.

रिटा


इस्पितळ, वसई,
मंगळवार, १६ जानेवारी

वॉल्टर,

कोनू जिवंत आहे. हे आधी लिहितेय, म्हणजे पुढचं नाही वाचलंस तरी चालेल.

कालचा दिवस मात्र फार वाईट गेला. सुयांनी तोंड कोरडं ठणठणीत पडलं, चेहरा लालबुंद, आणि पोर हवेत हात मारून काहीतरी पकडायला लागलं. फुलपाखरं धरावीत तसं. मला ओळखेना. मी ओरडले, डोक्यावर परिणाम झाला! डॉक्टर म्हणाले, "हे औषधामुळं आहे, बाई. तोंड कोरडं पडलं, बाहुल्या मोठ्या झाल्या, हेच आम्हाला हवं होतं." त्यांना हवं होतं, माझं धाबं दणाणलं. आज सकाळी मात्र त्यानं माझ्या गळ्यातला क्रूस धरला आणि तोंडात घातला. त्याची जुनी खोड. सिस्टर 'काढा, काढा' म्हणाली, आणि मी रडत बसले.

डॉक्टरांना मी विचारलं, पानाचा रस देणं हेच चूक होतं का? ते म्हणाले, पानानं काही झालं नसतं, पण लाळ गळताना आणि घाम येताना थांबायला हवं होतं आणि मला काही लपवायला नको होतं. नुसतं एवढं म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सुझानकडची पानं वापरलीच नव्हती. तिनं लसणीचं तेल घातलं आणि पानं खिडकीत सुकत पडली होती. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. मुलीला मात्र फर्डिनंडनं सांगितलं त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

आता पापांचं सांगते. काल ते खाटेपाशी येऊन उभे राहिले, डोक्यावरची टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "शनिवारी तो आला होता." मी म्हटलं, कोण? "वॉल्टर. तुम्ही डॉक्टरकडे गेला होता. मी फाटकात होतो. तो म्हणाला, पापा, त्या घरच्या वेलीचं... मी म्हटलं, वेलीचं नाव माझ्यासमोर काढू नको, आणि फाटक लावून आत गेलो." बस, एवढंच म्हणाले. मग फर्डिनंडनं त्यांना बाकावर बसवलं. ज्या माणसाला मी आईंच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं, तो माणूस इस्पितळाच्या बाकावर टोपीत तोंड घालून रडला.

घरी जाऊन त्यांनी आईंची वेल मुळासकट उपटली आणि खड्ड्यात पुरली, गुरांनी तोंड लावू नये म्हणून. वेलीखाली आपली एक कोंबडी मरून पडलेली सापडली. आम्हाला वाटत होतं, मुंगसानं नेली. पांढरी कीड सगळी मेली होती, असंही पापा म्हणाले. तुझं म्हणणं खरं होतं, हे त्यांनी असं सांगितलं.

आता मला भीती वाटतेय ती तुझी.

फर्डिनंड काल रुडॉल्फच्या खोलीवर गेला होता. रुडॉल्फ म्हणाला, शनिवारी सकाळी माझं पहिलं पत्र आलं, तू चहा पिता-पिता वाचत होतास, आणि मध्येच कप ठेवून पायात चपलाही न घालता पळालास. तेव्हापासून तू तिथे नाहीस. म्हणजे तुला कळलं त्या घटकेला तू निघालास. हे मला आता कळलं. रविवारचं माझं पत्र अजून वाचलं नसशील तर वाचू नको, फाडून टाक.

आणि बाटली. तू ती खाडीत फेकली नव्हतीस, पापांना मोटरच्या खोपटात मागच्या फळीवर तिच्या बुडाचा गोल ओला डाग सापडला. बाटली नाही. कोणी नेली? वॉल्टर, ती तू का नेलीस?

हेच पत्र दोनदा लिहिलंय. एक रुडॉल्फकडे पाठवतेय, एक फादरांकडे ठेवतेय, तू चर्चमध्ये तरी जाशील म्हणून. कोनू वाचलाय. कोनू वाचलाय. शंभरदा लिहिते हवं तर.

रिटा


पापडी,
शनिवार, २० जानेवारी

वॉल्टर,

पुतळाबाई दारात उभी आहे. टोपलीसुद्धा आणलेली नाही, नुसती या चिठ्ठीसाठी थांबलीय, म्हणून भरभर लिहिते.

आज सकाळी तिला राहवलं नाही. तू तिला शपथ घातली होतीस ना, सांगायचं नाही म्हणून? आठवडाभर तिनं पाळली. तिचा नवरा धर्मा, त्याच्या मिठागरावरच्या खोपटात तू शनिवारपासून बसला आहेस असं म्हणाली. जेवण दिलं तर खात नाहीस. रविवारी चर्चची घंटा तिकडे ऐकू आली आणि तू म्हणालास, गेलं माझं पोर. पुतळाबाईनं तुला चारदा सांगितलं की पोर जिवंत आहे, तू ऐकत नाहीस. म्हणतोस, तुम्ही माझं मन राखायला सांगता. बाटली उशाशी घेऊन बसला आहेस, कोणी जवळ आलं की ती हातात घेतोस.  "त्याचे डोल्यान काय नाय ऱ्हायलं, रिटाबाय," असं म्हणाली.

अरे वेड्या, ती घंटा लूर्डसआजीची होती! आळीच्या टोकाची, ऐंशी उलटलेली. लहान पोराची घंटा अशी वाजते का? लहान पोराला बारकी घंटा असते, बेलाच्या वेळी आपण ऐकली नव्हती का? तू धर्मपिता झालास आणि एवढं विसरलास!

कोनूला काल घरी आणलं. उभा राहतो, दोन पावलं टाकून बसतो. पेज खातो. पापा सकाळपासून फाटक उघडं ठेवून दारात बसलेत. वाऱ्यानं फाटक लागलं तर उठून त्याला दगड लावला. तुला काही बोलणार नाहीत. मी बोलेन, खूप बोलेन, तुझ्याशी आणि माझ्याशीही, पण ते तू भाकरी खाल्ल्यावर. मला तुझ्यावर राग आहे. अजून आहे. तो असायला तू जिवंत हवास, एवढं तरी कर.

मधात रस घालताना दुप्पट कोणी केला? डॉक्टरांशी खोटं कोण बोललं? तुझी बाटली आणि माझी वाटी, दोघांनी मिळून केलं ते. अर्धं माझं आहे, ते मला दे. सगळं एकट्यानं उचलून घेऊन जायचा तुला हक्क नाही.

ये रे. पुतळाबाईबरोबर ये. ती बाटली धर्माच्या हातात दे आणि...

थांब. मी हे काय करतेय? तू तिचं चारदा ऐकलं नाहीस, माझ्या अक्षरावर कसा विश्वास ठेवशील? कागदावर मी काहीही लिहीन असंच वाटेल तुला. माझं बेलाच्या वेळचं पत्र तुला आठवत असेल, तेव्हाही मी उतार आहे असंच लिहिलं होतं.

पत्र पुरे. फर्डिनंड टांगा बघायला गेलाय. ही चिठ्ठी पुतळाबाई पुढे घेऊन येतेय, तिच्या मागोमाग मी येतेय. कोनूला शालीत गुंडाळून आणतेय. डॉक्टर म्हणाले होते वाऱ्यात नेऊ नका, म्हणोत. बांधावरून गाडी येणार नाही, शेवटचं मी चालत येईन. तू आत असलास तरी मी दाराला हात लावणार नाही. बाहेरच उभी राहीन.

त्याचा खोकला अजून गेलेला नाही, वॉल्टर. एवढं सगळं झालं आणि तो मेला खोकला आहे तिथेच आहे. खाऱ्या वाऱ्यात तो नक्की खोकेल. तुला त्याचा खोकला ओळखू येतो.

तो ऐक, आणि दार उघड.

रिटा